कोर्टात स्टेनो व्हायचंय? चार प्रमाणपत्रं आणि त्यापुढची तयारी

जिल्हा न्यायालयांची भरती निघाली की शॉर्टहँडच्या क्लासेसमध्ये एकदम चौकशा वाढतात. "जाहिरात आली आहे, तीन महिन्यांत शॉर्टहँड होईल का?" याचं सरळ उत्तर नाही असंच आहे. अर्ज भरायची मुदत संपते त्या दिवशी प्रमाणपत्र हातात असावं लागतं आणि लघुलेखनाची परीक्षा मनात येईल तेव्हा देता येत नाही. म्हणून या वाटेला लागायचं असेल तर जाहिरातीची वाट न पाहता आजच सुरुवात करावी. हा लेख शॉर्टहँडची रेघसुद्धा न ओढलेल्या, पण कोर्टात लघुलेखक म्हणून काम करायची मनापासून इच्छा असलेल्या मुलामुलींसाठी आहे.

आधी काम समजून घ्या

परदेशी मालिकांमध्ये न्यायाधीशांसमोर बसून छोट्याशा यंत्रावर शब्दन् शब्द टिपणारी व्यक्ती दिसते. आपल्या जिल्हा न्यायालयांत काम वेगळ्या पद्धतीने चालतं. इथे स्टेनोकडे मुख्यतः दोन कामं असतात. न्यायाधीश निकाल आणि आदेश सांगतात, ते शॉर्टहँडमध्ये घेऊन नंतर टाइप करायचे, हे पहिलं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना न्यायाधीश जे सांगतील ते तिथल्या तिथे संगणकावर उतरवायचं, हे दुसरं.

साक्ष बहुतेक वेळा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिली जात नाही, निवेदनाच्या रूपात लिहिली जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १८ आणि फौजदारी बाजूला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ३१० व ३११ हेच सांगतात. एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं नोंदवायचा अधिकार न्यायाधीशांना असतो, पण तो अपवाद. एरवी काय होतं ते पाहा. आरोपीचे वकील उलटतपासात विचारतात, "त्या दिवसाआधी तुम्ही आरोपीला ओळखत नव्हता, बरोबर?" साक्षीदार म्हणतो, "हो." न्यायाधीश सांगतात आणि पडद्यावर उमटतं: "हे म्हणणे खरे आहे की, घटनेपूर्वी मी आरोपीस ओळखत नव्हतो."

आता यातल्या "नव्हतो"च्या जागी घाईत "होतो" पडलं असं समजा. ओळख परेडचा सगळा युक्तिवाद उलटा होईल. साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवली जाते आणि चूक तिथे पकडता येते, हे खरं. पण दिवसभर साक्षी चाललेल्या असतात, साक्षीदार थकलेला असतो, आणि ऐकता ऐकता एखादं "न" कानावरून निसटून जातं. प्रमाणपत्रावर तुमची गती छापून येते, कोर्टाला मात्र गतीबरोबर हा एका अक्षराचा नेमकेपणा हवा असतो. पुढची सगळी तयारी हे धरूनच करायची आहे.

कोणती प्रमाणपत्रं लागतात

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात काढली होती. त्यात लघुलेखक श्रेणी ३ ची ५६८ पदं होती. वेतनश्रेणी एस-१४, म्हणजे मूळ वेतन ३८,६०० ते १,२२,८०० रुपये. त्याच जाहिरातीत कनिष्ठ लिपिकाची श्रेणी १९,९०० पासून सुरू होत होती. शॉर्टहँडच्या मेहनतीची किंमत या फरकातून कळते.

श्रेणी ३ साठी पदवी हवी होती. तिच्या जोडीला इंग्रजी लघुलेखन मिनिटाला १०० शब्द, मराठी लघुलेखन मिनिटाला ८० शब्द, इंग्रजी टंकलेखन ४० आणि मराठी टंकलेखन ३०. म्हणजे पदवीखेरीज चार प्रमाणपत्रं, शिवाय संगणकाचं ज्ञान. पुढच्या जाहिरातीत अटी बदलू शकतात, त्यामुळे ती आली की मुळापासून वाचा. तयारीसाठी मात्र हे चार आकडे डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

लोक गफलत करतात ती इथेच. कुणाकडे इंग्रजी १०० असतं, मराठी शॉर्टहँड मात्र शिकलेलंच नसतं. कुणाकडे मराठी १०० असून इंग्रजी ६० वर अडकलेलं असतं. जिल्हा न्यायालयाला दोन्ही भाषा लागतात. १९९८ च्या अधिसूचनेपासून राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण रोजच्या व्यवहारात इंग्रजी निकाल आणि इंग्रजी आदेश भरपूर असतात. वरिष्ठ न्यायालयांचे दाखले इंग्रजीतच येतात. उच्च न्यायालयाचं कामकाज तर इंग्रजीतच चालतं, त्यामुळे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूरला उच्च न्यायालयात जायचं असेल तर इंग्रजी गतीवर जास्त भर द्यावा लागेल.

टंकलेखन आणि लघुलेखन या दोन्हींच्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. टंकलेखन आता संगणकावर असतं, त्यालाच सगळे जीसीसी-टीबीसी म्हणतात. त्यात गतीच्या उताऱ्याबरोबर वस्तुनिष्ठ प्रश्न, ईमेल, पत्र आणि तक्ता असतो. नुसती बोटं पळवून भागत नाही. तक्त्याचा सराव न केल्यामुळे चांगल्या गतीची मुलंही मागे पडतात. लघुलेखनात ६०, ८०, १००, १२० अशा पायऱ्या आहेत.

क्लास निवडताना

संस्था शासनमान्य आहे का, हा पहिला प्रश्न, कारण परीक्षेचा अर्ज साधारणपणे संस्थेमार्फतच जातो. मान्यतेचा कागद बघायला मागा, त्यात संकोच नको. दुसरा प्रश्न असा विचारा: इथे मराठी शॉर्टहँड कोण शिकवतं? इंग्रजीचे जाणकार शिक्षक शोधले तर मिळतात, मराठीचे दिवसेंदिवस कमी होत चाललेत. तिसरी गोष्ट, रोज प्रत्यक्ष आवाजात डिक्टेशन मिळतं की फक्त ध्वनिफिती लावून ठेवतात, ते एक दिवस बसून बघा. ध्वनिफिती घरीही ऐकता येतात. शिक्षकाने तुमची वही हातात घेऊन आउटलाइन, म्हणजे शब्दांची शॉर्टहँडमधली रूपं, तपासणं, हे क्लासमध्येच मिळतं आणि पैसे त्याचेच मोजायचे असतात.

आयटीआयमध्ये स्टेनोग्राफर अँड सेक्रेटरिअल असिस्टंट हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. बारावीनंतर लगेच या वाटेला येणाऱ्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

प्रवेश घेतानाच आणखी एक काम उरकून टाका. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं नाव आहे, अगदी तसंच नाव परीक्षेच्या अर्जात लिहा, वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट. कागदपत्रांच्या पडताळणीत चारही प्रमाणपत्रं शेजारीशेजारी ठेवली जातात. तिथे एका अक्षराचा फरक निघाला की प्रतिज्ञापत्रांसाठी धावपळ होते.

कोणती भाषा आधी?

दोन्ही शॉर्टहँड एकाच दिवशी सुरू करू नका. आपल्याकडची पद्धत सर आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये मांडलेल्या ध्वनिलेखनावर आधारलेली आहे आणि मराठी लघुलेखनही त्याच घडणीचं. बारीक रेघ आणि जाड रेघ यांतून प आणि ब, ट आणि ड असे जोडीचे ध्वनी वेगळे होतात. शब्द ओळीच्या वर, ओळीवर की ओळीतून लिहिला यावरून स्वर कळतो. पण मराठीचे ध्वनी जास्त, त्यांची व्यवस्था वेगळी. दोन्हींची थिअरी एकदम शिकली तर हाताचा गोंधळ उडतो आणि तो निस्तरायला महिने जातात.

ज्या भाषेत तुम्ही सहज वाचता ती आधी घ्या. तिची थिअरी पूर्ण करून ६० च्या गतीवर स्थिर झालात की दुसरी भाषा सुरू करा. टंकलेखन मात्र पहिल्या दिवसापासून जोडीने चालू द्या. त्याची प्रमाणपत्रं लवकर मिळतात, आणि पुढे ट्रान्सक्रिप्शनसाठी, म्हणजे घेतलेलं शॉर्टहँड टाइप करण्यासाठी, बोटं तयार लागतातच. रोज दोन तास नेमाने दिले तर चारही प्रमाणपत्रांसाठी दीड-दोन वर्षं धरून चाला. यापेक्षा फार लवकर होईल असं कुणी जाहिरातीत छापलं असेल, तर त्या क्लासची चौकशी दोनदा करा.

सराव कसा करायचा

थिअरीत घाई नको. जाड रेघ जाड आणि बारीक रेघ बारीकच यायला हवी. सुरुवातीला पेन्सिल वापरा, दाब देऊन जाडी बदलण्याची सवय तिच्याने लागते. आउटलाइन लहान ठेवा. मोठ्या आउटलाइनने हात लांबवर फिरतो आणि ८० नंतर तेच नडतं. शब्दचिन्हं (नेहमीच्या शब्दांची ठरलेली छोटी चिन्हं) आणि शब्दसमूहांची चिन्हं रोज लिहा, अगदी कंटाळा आला तरी. न्यायाधीश "अभियोग पक्षाने आरोप सिद्ध केलेला नाही" असं एका दमात म्हणतात. शब्द सुटे सुटे लिहिणारा तिथे मागे राहतो, समूह लिहिणारा वेळेत पोचतो.

गती वाढवायला उतारे स्वतः मोजून तयार करा. ८० च्या गतीसाठी दर २० शब्दांनंतर तिरपी रेघ मारा, १०० साठी दर २५ शब्दांनंतर. प्रत्येक रेघ १५ सेकंदांना आली पाहिजे. घरच्या कुणालाही घड्याळ देऊन वाचायला बसवता येतं. आवाज बदलत राहावेत. एकाच शिक्षकाच्या लयीवर पोसलेला कान परीक्षेत अनोळखी आवाज ऐकून बिचकतो.

एका गतीवर आठवडेच्या आठवडे अडकणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. तेव्हा ओळखीचा उतारा आपल्या गतीपेक्षा दहा-पंधरा शब्द जास्त वेगाने घ्या. सुटेल, सुटू द्या. तोच पुन्हा घ्या, मग नवीन उतारा नेहमीच्या गतीने. पूर्वीचा वेग हाताला संथ वाटू लागतो.

आता ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते. डिक्टेशन घेतलं, लगेच वाचलं, बरोबर आलं, वही मिटली. लगेच वाचताना बरंचसं आपण आठवणीतून वाचत असतो, चिन्हांतून नव्हे. कोर्टात सकाळी घेतलेला निकाल संध्याकाळी टाइप करावा लागतो, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून रोज आधी कालची वही उघडा, एक उतारा थंडपणे वाचा आणि तो पूर्ण टाइप करा. अडलेल्या शब्दांची वेगळी वही करा.

त्या वहीत काय काय जमा होतं ते बघण्यासारखं असतं. वेगात स्वर गळतात, आणि मराठीत लिंग-वचन स्वरांतच असतं. होता, होती, होते. गेला, गेली. फिर्याद आणि फिर्यादी, आरोप आणि आरोपी, वाद आणि वादी. शेवटचा स्वर लावला नाही तर या जोड्या एकमेकींत मिसळतात. संदर्भाने लागेल असं वाटतं, पण "ती वाद मिटवायला गेली" आणि "तो वादी मिटवायला गेला" यांत संदर्भ काय करणार? जिथे धोका आहे तिथे स्वर लावायचाच, हा नियम हाताला लावून घ्या. इंग्रजीत प्रॉसिक्यूशन आणि पर्सिक्यूशन यांच्या आउटलाइन मुद्दाम वेगळ्या ठरवून दिलेल्या आहेत. फौजदारी निकालात यांतला पहिला शब्द पानापानावर येतो. पाठ्यपुस्तकात शेवटी असलेल्या अशा जोड्यांचं पान वगळू नका.

आकडे नेहमी अंकांतच लिहा. मराठीत त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर भराभर सांगितले जातात, कान पक्का लागतो. तारखा, रकमा, कलमं आणि गटनंबर यांचं वेगळं डिक्टेशन आठवड्यातून एकदा तरी घ्या.

कोर्टाची भाषा कानात मुरवा

परीक्षेचे उतारे बहुधा सर्वसाधारण विषयांचे असतात. कोर्टातली शब्दसंपदा निराळी आहे आणि ती आधीपासून हाताखालून गेलेली असली तर चाचणीतही फायदा होतो, नोकरीतही. सरतपास, उलटतपास, फेरतपास. निशाणी, मुद्देमाल, पंचनामा, दोषारोप, रोजनामा. दिवाणीत वादपत्र, कैफियत, मनाई हुकूम, दरखास्त, वहिवाट. यातल्या प्रत्येक शब्दाची आउटलाइन ठरवून टाका आणि पुन्हा बदलू नका.

कायद्याचे आकडेही बदललेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचं जुनं कलम ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं आहे. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडसंहितेखालीच चालू आहेत, त्यामुळे पुढची काही वर्षं दोन्ही आकडे कानावर पडत राहणार. नेहमीच्या पंचवीस-तीस कलमांची दोन्ही रूपं माहीत करून घ्या. कायदा पाठ करायची गरज नाही, ऐकलेला आकडा ओळखीचा वाटला म्हणजे पुरे.

सरावाला खरे निकाल फुकट मिळतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयांचे आदेश आणि निकाल वाचता येतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्यातले परिच्छेद मोजून रेघा मारा आणि डिक्टेशनला घ्या.

आणि एक दिवस मोकळा काढून जवळच्या न्यायालयात जाऊन बसा. न्यायालय खुलं असतं, बंद दाराआड चालणारे खटले सोडले तर मागच्या बाकावर शांत बसून कुणीही कामकाज ऐकू शकतं. मोबाइल बंद ठेवा, ध्वनिमुद्रण करायचं नाही. नजर स्टेनोवर ठेवा. वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच वेळी बोलत असताना तिची किंवा त्याची बोटं कुणाच्या आवाजावर चालतात? फक्त न्यायाधीशांच्या. साक्षीदार ग्रामीण बोलीत काही बोलला तर ते आपल्या मनाने शुद्ध करायचं नाही, सांगितलं जाईल तेच लिहायचं. तासाभरात जे उमगेल ते क्लासमध्ये कुणी शिकवत नाही.

चाचणी आणि मुलाखत

लघुलेखकाच्या निवडीत लघुलेखनाची चाचणी, टंकलेखनाची चाचणी आणि मुलाखत असे टप्पे असतात. प्रमाणपत्र १०० चं असलं तरी चाचणीच्या दिवशी ते सिद्ध करून दाखवावं लागतं. प्रमाणपत्र मिळाल्यावर सराव सोडलेल्यांची इथे अडचण होते. हात आठ-दहा दिवसांत जड होतो. जाहिरात कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा प्रमाणपत्रानंतरही रोज अर्धा तास डिक्टेशन चालू ठेवा. शक्य असेल तर गती एक पायरी वर न्या. ज्याला १२० झेपतं त्याला १०० ची चाचणी स्थिर डोक्याने देता येते.

मराठी टंकलेखनासाठी कोणती कीबोर्ड रचना आणि कोणता फाँट मान्य आहे, ते सूचनांमध्ये नीट वाचा. रेमिंग्टनवर सराव केलेल्याला ऐनवेळी इनस्क्रिप्ट समोर आलं तर गती निम्मी होते. डिक्टेशनमध्ये एखादा शब्द सुटला तर तिथे जागा सोडून पुढे चला. त्या शब्दाचा विचार करत बसलात तर पुढची ओळ जाते.

कागदपत्रांची एक फाइल कायम तयार ठेवा: पदवी, चारही प्रमाणपत्रं, एमएस-सीआयटी किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र, अधिवास, आणि लागू असेल तर जातीचा दाखला आणि वैधता. प्रमाणपत्रावरची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरची असेल तर उमेदवारी तिथेच संपते, मग गती कितीही असो.

यंत्रं आली तर?

हा प्रश्न प्रत्येक नवा मुलगा विचारतो, आणि तो योग्यच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा यंत्राच्या मदतीने थेट प्रतिलेखन सुरू केलं. हे वाढत जाणार. पण तिथे माइकसमोर एका वेळी एक वकील इंग्रजीत बोलत होता. तालुक्याच्या कोर्टात पंखा घरघरतोय, साक्षीदार वऱ्हाडी किंवा अहिराणीत बोलतोय, वकील मध्येच हरकत घेतायत आणि त्यातून न्यायाधीश निवेदन रचतायत, हे चित्र वेगळं आहे. माझं मत असं की आवाजावरून मजकूर उमटवणारी साधनं स्टेनोच्या टेबलावर येतील आणि तपासून दुरुस्त करणारा जाणता माणूस लागेलच. ज्याची भाषा पक्की आहे आणि ज्याला कोर्टाचे शब्द माहीत आहेत, त्याची गरज त्या दिवशीही राहील. फक्त गतीवर विसंबलेल्याने मात्र आजच भाषेकडे वळावं.

नेमणूक झाल्यावर

पहिल्या दिवसापासून पाळायची गोष्ट म्हणजे गुप्तता. निकाल जाहीर होण्याआधी तो न्यायाधीश आणि स्टेनो यांच्याशिवाय क्वचितच कुणाला माहीत असतो. "काय लागतंय?" असं पक्षकार विचारतील, ओळखीचे वकील गमतीत विचारतील, नातेवाईकही विचारतील. उत्तर द्यायचं नाही, हसूनसुद्धा सूचित करायचं नाही. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तिचं नाव असलेला मजकूर कुठेही पाठवताना, अगदी प्रिंटला देतानाही, दोनदा पाहा.

वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि खटल्याचा क्रमांक घाला. न कळलेला शब्द त्याच क्षणी विचारा. न्यायाधीशांना एकदा थांबवलेलं चालतं, अंदाजाने लिहिलेलं चालत नाही. पहिले काही महिने न्यायाधीशांच्या बोलण्याची ढब शिकण्यात जातात. त्यांचे लाडके वाक्प्रयोग टिपून त्यांचे शब्दसमूह बनवा. बदली झाली की नव्या न्यायाधीशांबरोबर हेच पुन्हा.

पुढची वाट श्रेणी ३ वरून २ आणि १ अशी आहे आणि वरच्या श्रेणीला जास्त गती लागते. नोकरीत असतानाच १२० चं प्रमाणपत्र घेऊन ठेवलेलं बरं. कोर्टाची जाहिरात लांबली तर बसून राहू नका. राज्य शासनात लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० गती लागते. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची स्टेनोग्राफर परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत असते: 'ड' श्रेणीला ८०, 'क' श्रेणीला १००, दहा मिनिटांचं डिक्टेशन. कोर्टासाठी तयार केलेला हात या सगळ्या ठिकाणी चालतो, फक्त अर्ज वेळेत भरा.